महालक्ष्म्या कुठं बसतीन?

"आई स्वतःच 'चाल, येतो' म्हणाली होती मॅडम. आम्ही जबरदस्ती केली नाही. मग निरोपाच्या जेवणापासून ती गप्प का झाली? मनाविरुद्ध नेतोय का आम्ही तिला?"

मी समुपदेशन करते. वयस्कर आईवडिलांना शहरात नेणारी मुलं हे मला हमखास हिवाळ्यात विचारतात. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाचे एकदोन वेचे झालेले असतात, पोरांना नाताळच्या सुट्या असतात. त्यामुळे आमच्याकडचे असे निरोप याच दिवसांत ठरतात. त्यातलाच हा एक अनुभव, घरच्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल ते सगळं बदलून.

आजी 76 वर्षांच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या. नवरा वारलेला, थोरला मुलगा वर्ध्याला, धाकटा पुण्यात. एका रात्री त्या न्हाणीत पडल्या, ते शेजारणीला सकाळी कळलं. तेव्हा धाकट्यानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्यात चूक काहीच नव्हती.

निरोपाला शेतात रोडग्यांचा बेत झाला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. चाळीसेक माणसं जेवली. एकेकानं उठून आजींबद्दल चांगलं सांगितलं, लुगडी नेसवली. रात्री घरी शेकोटीभोवती बोलता बोलता वस्तूही वाटल्या गेल्या. पितळी गुंड लेकीला, पाटा-वरवंटा थोरल्या सुनेला, गाय शेजाऱ्याला. सगळं प्रेमानंच. आजी "न्या बाप्पा" म्हणत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या अर्ध्या भाकरीवर आल्या आणि कुणाशी बोलेनाशा झाल्या. आठवड्यानं धाकटा त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

पहिल्या भेटीत माझंच चुकलं. गाव सुटण्याचं दुःख असणार असं मी धरून चालले. अंगण, शेजारणी, नवऱ्याच्या आठवणी, यावरच बोलत राहिले. आजी नुसती मान हलवत होत्या. दुसऱ्या भेटीत मुलाला बाहेर बसवलं आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा." गोवऱ्या कुणी रचल्या, कणीक कुणी मळली, सगळं त्यांनी सांगितलं. वस्तूंपाशी आल्या आणि थांबल्या.

"माही तेरवीच केली न त्यायनं. फक्त मी समोर बसून होती."

मला पुढं बोलता येईना. लांबून आलेले पाहुणे, पंगत, गुणगान, भांड्यांची वाटणी. तेरवीला याहून वेगळं काय होतं? त्यात जो तो त्यांना "आता आराम करा" म्हणून गेला होता. पन्नासाहून जास्त वर्षं घर चालवलेल्या बाईला त्यातून एकच ऐकू येतं, की तुझं काम संपलं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "अन् महालक्ष्म्या कुठं बसतीन? कोणी इचारलं?"

भाद्रपदातल्या ज्येष्ठागौरींना आपण विदर्भात महालक्ष्म्या म्हणतो. त्यांची आंबील, सोळा भाज्या आजींच्या सासूनं त्यांच्या हाती सोपवल्या होत्या. गाईचं ठरलं होतं, पाट्याचं ठरलं होतं, महालक्ष्म्यांचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजी गावासाठी झुरत नव्हत्याच. जायला त्यांची हरकत नव्हती. आपल्या घरातलं आपल्याला न विचारता मार्गी लागलं, ते लागलं होतं त्यांना.

मुलाला हे सांगितलं तेव्हा तो रडला. "आम्हाला तिला हसतमुख पाठवायचं होतं हो." मला त्याचं फार वाईट वाटलं. असे कार्यक्रम मायेपोटीच होतात, आणि त्या घाईत जाणाऱ्या माणसाला विचारायचं राहून जातं.

मग त्या घरानं सगळं पुन्हा ठरवलं, या वेळी आजींना मध्ये बसवून. वस्तू परत जागेवर आल्या. गाय मात्र शेजाऱ्याकडेच राहू द्या, असं आजी स्वतः म्हणाल्या. घर मोडायचं नाही, कुलपाची किल्ली आजींच्या कनवटीला. महालक्ष्म्या याच घरी बसणार, सगळ्यांनी तेवढे दिवस गावी यायचं. तूर निघाल्यावर जायचं, उन्हाळ्यात एक चक्कर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना महाराष्ट्रात एसटी मोफत आहे. आजींनी मुलाला ते बजावूनच सांगितलं, म्हणजे तिकिटाचं कारण निघायला नको. घराशेताच्या कागदांवर सही या गडबडीत घेऊ नका, हे मात्र मी घातलं. मन ठिकाणावर नसताना दिलेला होकार पुढं भावाभावांत सलतो.

आजी चार दिवसांत जेवायला लागल्या. सगळ्यांचं इतक्यात निभत नाही. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-जेवण गेलं असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. "जगून काय करू" असं बोलणं आलं तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं.

जानेवारीअखेर तूर निघाली. या वेळी पंगत नव्हती, घरचीच माणसं होती. आजींनी स्वतःच्या हातानं वाटणी केली. पाटा-वरवंटा थोरल्या सुनेला नाही, लेकीला दिला. सुनेला जवळ बसवून तिच्या ओटीत महालक्ष्म्यांचे मुखवटे ठेवायच्या पेटीची किल्ली घातली, आणि आंबिलीचं प्रमाण तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.