नाशिकमध्ये लग्नाच्या फोटोग्राफीत उतरायचंय, कॅमेरा आहे. सराव कुठून सुरू करू?

लगेच स्वतःच्या नावावर ऑर्डर घेऊ नका. शहरातल्या एखाद्या मुरलेल्या फोटोग्राफरकडे एक हंगाम दुसरा कॅमेरा सांभाळा, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीने फोटो काढा. तुळशीच्या लग्नानंतर सगळ्यांनाच माणसं कमी पडतात.

खरा कस अंतरपाटाला लागतो. शेवटची मंगलाष्टक संपते, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात. सगळं दोन-तीन सेकंदांत. त्यात मामा आणि भटजी मधे. व्हिडिओवाल्याशी जागा आधीच ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी त्याची पाठच येते. सुरुवातीला शटर १/२५० सेकंद, अपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ २.८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवा. हॉलच्या एलईडीमुळे फोटोत पट्टे दिसले तर शटर १/१०० करा (आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात), आयएसओ थोडा उतरवा आणि अक्षता टिपायला फ्लॅश वापरा. फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवायचा. केशरी कापडाचा मंडप असेल तर तोच रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो.

हळदीत ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपोआप ठरवतो तो रंगांचा समतोल) गंडतो: पिवळं जास्त दिसलं की तो फोटो निळसर करतो. सावलीत तो हाताने साधारण ६५०० केल्विनला बांधून टाका.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा सकाळी गोदाघाटावर मित्रांना उभं करून उलट्या (त्यांच्या पाठीमागून येणाऱ्या) उजेडाचा सराव करा. दोन कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग होईल असा कॅमेरा नसेल तर निदान कार्डं छोटी वापरा, विधीगणिक बदला. आणि पुढे स्वतःची ऑर्डर घ्याल तेव्हा अर्धी रक्कम आगाऊ. अल्बमची पानं किती, तेही कागदावर.