पिन घासू नका, आधी चावी नवी करा

ताई, न्यू जर्सीतल्या नव्या घराच्या मागच्या दाराचं श्लेग कंपनीचं कुलूप तुम्ही पुढच्या दाराच्या जुन्या चावीला जुळवायला घेतलंय. पाचांतल्या तीन पिना नीट बसल्या, दोन प्लगच्या, म्हणजे चावीबरोबर फिरणाऱ्या आतल्या नळकांड्याच्या, वर डोकावतात, त्या कानशीने घासू का, असं विचारलंत. कृपा करून घासू नका. चावी झिजली आहे, त्यामुळे पिनेचा नंबर चुकला आहे.

श्लेगचं गणित सरळ आहे. खाचेच्या तळापासून चावीच्या सपाट कडेपर्यंतची उंची आणि चावीवर टेकणाऱ्या खालच्या पिनेची लांबी, दोन्हींची बेरीज प्लगच्या व्यासाइतकी, म्हणजे ०.५०० इंच यायला हवी. ० नंबरच्या खाचेची उंची ०.३३५, पुढे दर नंबरला ०.०१५ कमी, ९ नंबरला ०.२००. म्हणून ० ची पिन ०.१६५ आणि ९ ची ०.३००.

आता तुमची अडलेली खाच बघा. कॅलिपरवर ०.२६७ आली. ४ नंबर ०.२७५ चा, ५ नंबर ०.२६० चा. जवळचा ५ वाटतो, म्हणून तुम्ही ०.२४० ची पिन टाकलीत, बेरीज ०.५०७ झाली आणि पिन सात हजारांश इंच वर आली. पण चावी झिजून उंची कमीच होते, वाढत नाही. ०.२६० ची खाच ०.२६७ कशी होईल? ती मुळात ४ नंबरचीच. शंका आली की लहान नंबर धरायचा, हे मी नेहमी पाळतो.

मात्र ४ ची ०.२२५ ची पिन या जुन्या चावीवर आठ हजारांश खाली राहील. तेव्हा पाचही खाचांचे नंबर असे काढा आणि किल्लीवाल्याकडून त्या आकड्यांवरून नवी चावी कापून घ्या. जुनीवरून नक्कल करून घेतलीत तर झीजही नकलेत उतरते. नव्या चावीवर नंबराच्या पिना बोटाला सपाट लागतील, आणि पुढच्या दारालाही तीच चावी हलवाहलव न करता लागेल.

घासण्याला माझा एवढा विरोध का? घासलेल्या पिनेची कड जाते, प्लगही खरवडला जातो, फट वाढते. असं एक कुलूप मी उघडून पाहिलंय. खालच्या पिनांवर, स्प्रिंगखाली असलेल्या वरच्या पिना त्या फटीत अडकत होत्या. ज्या दारामागे मुलं झोपतात त्या दाराला हे नको.

पिनेच्या रंगावर विसंबू नका, पिनांच्या किटागणिक रंग बदलतात, मोजूनच टाका. क्विकसेट या दुसऱ्या कंपनीच्या कुलपांत दर नंबरची पायरी ०.०२३ ची असते, त्यामुळे तिथल्या पिना इथे चालत नाहीत. किटमध्ये वरच्या पिना तीन लांबींच्या असतील तर खालची आखूड तिथे वरची लांब घाला. दोन्ही लांब पडल्या तर स्प्रिंग पूर्ण दबते आणि चावी आतच जात नाही.

प्लग काढताना मागून अर्ध्या इंचाची गोल लाकडी दांडी लावून ठेवा, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंग जागेवर राहतील. बसवून झाल्यावर दार उघडंच ठेवून दहा-बारा वेळा चावी फिरवून बघा, मगच दार लावा.