उसाची ट्रॉली, विजापूर रोडच्या दुचाक्या आणि गाडीचा आपोआप लागणारा ब्रेक

तुमचे प्रश्न असे आहेत: सोलापुरात विजापूर रोडवर दुचाकी आडवी आली की गाडी ओरडते, एकदा तर तिने स्वतःच ब्रेक मारला. उलट मोहोळच्या अलीकडे रात्री उसाच्या ट्रॉलीच्या पार जवळ जाईपर्यंत ती गप्प राहिली. मग हे एडास, म्हणजे कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणारं प्रकरण, बंद करून टाकावं का? आणि पुढच्या काचेला तडा गेलाय, ती बाहेरून स्वस्तात बसवली तर चालेल का?

थोडक्यात सांगायचं तर, बंद करू नका. शहरासाठी दोन सेटिंग बदला. रात्री हायवेवर मात्र ही सोय गाडीत नाहीच असं धरून वेग ठरवा. काच बाहेरून बसवायला हरकत नाही, पण कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, होऊ शकत असेल तरच. आता कारणं.

तुमच्या गाडीत दोन डोळे आहेत. आतल्या आरशामागे काचेला चिकटून बसलेला कॅमेरा आणि पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये बसवलेलं ७७ गिगाहर्ट्झचं रडार. समोरची वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतेय हे रडार अचूक सांगतं, पण ती वस्तू काय आहे हे त्याला नीट कळत नाही. ती कार आहे, दुचाकी आहे की माणूस, हे कॅमेरा ओळखतो; त्याचा अंतराचा अंदाज मात्र रडारइतका पक्का नसतो. दोघांचं एकमत झालं की संगणक एकच हिशेब करतो: आहे त्याच वेगाने गेलो तर धडक किती सेकंदांत होईल? हा आकडा साधारण अडीच-तीन सेकंदांवर आला की आवाज आणि लाल दिवा. आणखी खाली आला की ब्रेकच्या लाइनमध्ये प्रेशर भरून ठेवतो, मग हलका ब्रेक, आणि एक-दीड सेकंदाच्या आसपास पूर्ण ताकदीचा ब्रेक. हा ब्रेक मारतो तो ईएससीचा पंप, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असतो तोच.

यातल्या दोन गोष्टी शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. एक, तुम्ही ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटकन वळवलं, तर गाडी समजते की चालकाने निर्णय घेतलाय, आणि ती ब्रेक सोडून देते. घाबरून चुकीच्या पॅडलवर पाय पडला तर हेच होतं. दोन, गाडी पूर्ण थांबल्यावर बहुतेक मॉडेलमध्ये ब्रेक फक्त दोनेक सेकंद धरला जातो. त्यानंतर ऑटोमॅटिक गाडी हळूच पुढे सरकू लागते. म्हणून गाडीने स्वतः ब्रेक मारला तरी तुमचा पाय लगेच ब्रेकवर गेलाच पाहिजे आणि तिथेच राहिला पाहिजे. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर क्लच न दाबल्याने इंजिन बंद पडतं. मागून वाहनं येत असताना ते सुरू करायची सवय हवी.

आता मोहोळची ट्रॉली, कारण खरा जीवघेणा प्रश्न तोच आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप सुरू झालं की चार-पाच महिने पुणे हायवे, पंढरपूर रस्ता, अक्कलकोट रस्ता, सगळीकडे ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. कॅमेऱ्याला वाहनाची पाठ ओळखायला शिकवलेलं असतं ते दोन टेल लॅम्प, त्यांच्यामधली रुंदी, खाली पडणारी सावली, नंबर प्लेट यांवरून. उसाच्या ट्रॉलीची पाठ आठवून बघा: दिवे नाहीत, असले तरी वाढ्यांनी झाकलेले, कडा वेड्यावाकड्या, रंग मातकट. रात्री कॅमेऱ्याच्या चित्रात तो रस्त्याकडेच्या झाडोऱ्याचाच एक तुकडा असतो.

रडारला ट्रॉलीचं लोखंड दिसतं. पण मोळ्या लोखंडाच्या मागे मीटर-दोन मीटर बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्यावरून रडारची लहर विखुरते. म्हणजे गाडी अंतर मोजते ते ट्रॉलीच्या पाट्यापर्यंतचं, आणि तुमच्या काचेत शिरणार असतो तो त्याच्या अलीकडचा ऊस.

आकडेच मांडतो. तुम्ही ताशी ८०, ट्रॉली ताशी २०. जवळ जाण्याचा वेग ताशी ६०, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने पूर्ण ब्रेक लागला तर हा फरक संपवायला साधारण १७.५ मीटर लागतात, आणि ब्रेकचा जोर चढायला जाणाऱ्या ०.३ सेकंदात आणखी ५ मीटर जातात. एकूण साडेबावीस. गाडीने ट्रॉली वेळेवर ओळखली तर निभावतं. ओळखायला उशीर झाला आणि धडकेला ०.८ सेकंद उरले असताना ब्रेक लागला, तर हातात १३ मीटर असतात. धडक ताशी ४३ च्या फरकाने होते. ऊस २ मीटर बाहेर असेल तर ताशी ४८ ने. तीही बंपरवर होत नाही, डोक्याच्या उंचीला होते. तिथे एअरबॅगचाही भरवसा धरू नका.

ट्रॉली बंद पडून उभी असेल तर आणखी वाईट. रडारच्या दृष्टीने पुलाचा कठडा, दिशादर्शक फलक, डिव्हायडरची रेलिंग आणि उभी ट्रॉली एकाच वर्गात मोडतात, स्थिर वस्तू. प्रत्येक स्थिर वस्तूला ब्रेक मारायचा म्हटलं तर गाडी चालणारच नाही. म्हणून वेग जास्त असताना सिस्टीम कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याची वाट बघते, आणि मागे दोन दगड व झाडाची फांदी ठेवून उभ्या केलेल्या काळोख्या ट्रॉलीला कॅमेरा तो दुजोरा देत नाही. तुमची गाडी बिघडलेली नव्हती. मॅन्युअल उघडा, 'पुढील परिस्थितीत यंत्रणा काम करणार नाही' या यादीत असामान्य आकाराचा मागचा भाग, बाहेर आलेला माल, न पेटलेले दिवे, जनावरं, समोरून येणारी वाहनं, सगळं लिहिलेलं सापडेल. समोरून येणारी यात मुद्दाम वाचा, कारण कारखान्याच्या वळणाआधी राँग साइडने येणारे ट्रॅक्टर आणि दुचाक्या आपल्याकडे रोजच्याच आहेत.

यावर उपाय वेगाचाच. लो बीममध्ये काळपट वस्तू साधारण ४०-५० मीटरवर दिसते. ताशी ८० ला, माणसाच्या प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून, त्याच ट्रॉलीसाठी ४२ मीटर लागतात, म्हणजे काठावर. ताशी ६० ला २४-२५ मीटर पुरतात. ट्रॉली उभी असेल तर ताशी ६० लाही ४२ लागतातच. हंगामात अंधार पडल्यावर डाव्या लेनमध्ये ६० च्या वर जाऊ नका. समोर कोणी नसेल तेव्हा अपर लावा.

रात्री ॲडॅप्टिव्ह क्रूझ, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारी सोय, तर लावूच नका. समोरची कार ट्रॉली बघून शेवटच्या क्षणी उजवीकडे निघते. तुमच्या क्रूझला 'समोरचा गेला, रस्ता मोकळा' असं वाटतं आणि १०० चा वेग सेट असेल तर गाडी तो गाठायला वेग वाढवू लागते, नेमकी ट्रॉलीच्या दिशेने. वरवडे किंवा सावळेश्वर टोल नाक्याला येण्याआधीही क्रूझ बंद करा. बूमची बारीक दांडी ओळखणं हे त्याचं काम नव्हे.

वारीच्या दिवसांत पंढरपूरकडे जाताना हाच विचार ठेवा. पादचारी ओळखणारा कॅमेरा एकट्या, उभ्या, पाय हलणाऱ्या माणसावर चांगला चालतो. दाट घोळका, डोक्यावर तुळस किंवा बोचकं, छत्री, अंगावर प्लॅस्टिकचा कागद, यांनी आकार बदलतो आणि ओळख चुकते. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये चार मॉडेल तपासली, तेव्हा दिवसा ताशी ३२ किलोमीटरला रस्ता ओलांडणारा प्रौढ पुतळा ४० टक्के वेळाच वाचला होता, आणि रात्री यंत्रणा निरुपयोगी ठरली होती. नंतरच्या गाड्या सुधारल्या आहेत, पण पहाटे चालणाऱ्या दिंडीशेजारून जाताना ताशी २० हाच आकडा योग्य.

एवढं सगळं असून बंद का करू नका म्हणतो? कारण ज्या अपघातासाठी हे बनलंय, तो ते खरोखर टाळतं: पुढची गाडी अचानक थांबते आणि आपलं लक्ष नसतं. सात रस्ता, आसरा चौक, जुना पुणे नाका, सगळीकडे रोज हेच घडतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात आपोआप ब्रेक असलेल्या गाड्यांचे पुढच्याला मागून धडकण्याचे अपघात सुमारे निम्म्याने कमी आढळले. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला हे सक्तीचं आहे. आणि धडक टळली नाही तरी वेग उतरतो. ताशी ५० ऐवजी ३० ने धडकलात तर धडकेची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांश राहते.

विजापूर रोडवरचा आरडाओरडा सेटिंगने कमी होतो. मेनूमध्ये धोक्याच्या सूचनेची वेळ 'लवकर / सामान्य / उशिरा' अशी असते. शहरात 'उशिरा' ठेवा. याने फक्त आवाज उशिरा येतो, ब्रेक मारण्याची ताकद कमी होत नाही. हायवेला लागलात की परत 'लवकर' करा. दुसरं, लेन कीप असिस्ट, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग वळवणारी सोय, शहरात बंद. पट्टेच धड नाहीत तिथे ते जुन्या पुसट पट्ट्याला किंवा डांबराच्या जोडाला धरून स्टिअरिंग ओढतं. हायवेवर ते उपयोगी आहे, पण लेन बदलताना इंडिकेटर द्या. दिलात तर ते आड येत नाही. ब्रेकच्या मेनूत मात्र 'फक्त सूचना' किंवा 'बंद' निवडू नका.

गाडीने आपोआप ब्रेक मारला की मागचा येऊन धडकेल ही भीती रास्त आहे, विशेषतः मागे एसटी किंवा ट्रक चिकटलेला असेल तर. यावर उपाय आपल्याच हातात आहे. पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर ठेवलं, पावसात चार, तर सिस्टीमला कचकन ब्रेक मारायची वेळच क्वचित येते. गाडी विनाकारण ब्रेक मारतेय याची खात्री असेल, रस्त्यावरच्या लोखंडी पत्र्यावर किंवा वळणावर उभ्या ट्रककडे बघून असं होतं, तर ॲक्सिलरेटर ठामपणे दाबा, ती सोडून देते. तेच ते पुन्हा पुन्हा, मोकळ्या रस्त्यावर होत असेल तर रडारची दिशा सरकलेली असू शकते. बंपरला बारीक ठोकर बसली होती का आठवा.

टायर गुळगुळीत असतील तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. कायद्याने १.६ मिलिमीटर खाच चालते, पण पावसाळ्याआधी ३ च्या खाली गेली असेल तर बदला. शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर आणतात. पहिल्या सरीनंतर तिचा जो लगदा होतो, त्यावर वरचे सगळे ब्रेकिंगचे आकडे खोटे ठरतात.

देखभाल थोडकी आहे. रडारच्या झाकणावर चिखल, स्टिकर, जादा क्रोम किंवा गार्ड नको. बोअरच्या पाण्याने धुतलंत तर मऊ फडक्याने कोरडं करा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग काचेवर कॅमेऱ्यासमोरच बसतात. उन्हाने वायपरचं रबर कडक होतं, दर मे अखेरीस बदला. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी गाडी सुरू केल्यावर 'कॅमेरा उपलब्ध नाही' असा संदेश आला तर तो तापलेला असतो. एसी लावून थोडं चालवल्यावर संदेश गेला तर काळजी नको. डॅशबोर्डवरची चकचकीत मूर्ती किंवा पांढरा मॅट काचेत प्रतिबिंब पाडतो, तो काढा. डॅशकॅम कॅमेऱ्याच्या समोर येणार नाही असा बाजूला लावा. आणि गाडी टो करताना, ऑटोमॅटिक वॉशमध्ये किंवा रोलरवर ब्रेक तपासताना ब्रेकची ही सोय तेवढ्यापुरती बंद करा.

आता काच. तडा कॅमेऱ्यासमोर नसला तरी तो उन्हाने वाढणारच, तेव्हा बदलाच. तुमच्या काचेला कॅमेऱ्याचा ब्रॅकेट चिकटवलेला असतो आणि त्याच्यासमोरचा तुकडा वेगळ्या दर्जाचा असतो. साधी काच घेऊन जुना ब्रॅकेट त्यावर चिकटवणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. कारण गणित सरळ आहे: कॅमेरा आडवा एक अंश जरी फिरला तरी १०० मीटरवर चूक होते १.७५ मीटरची, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची निम्मी. शेजारच्या लेनमधला ट्रक गाडीला आपल्या लेनमध्ये वाटतो, किंवा आपल्या लेनमधला शेजारी.

काचवाल्याला आणि सर्व्हिस सेंटरला सारखेच प्रश्न विचारा. काच ब्रॅकेटसकट, माझ्याच व्हेरिएंटची आहे का? कॅलिब्रेशन इथेच होतं की गाडी दुसऱ्या शहरात पाठवावी लागते? खुणांचा फलक गाडीसमोर उभा करून करता, की स्कॅनर लावून रस्त्यावर चालवून? रस्त्यावरच्या पद्धतीला स्पष्ट पट्ट्यांचा सलग रस्ता लागतो. फलकाच्या पद्धतीत जमीन सपाट हवी, टायरमध्ये दारावरच्या स्टिकरइतकीच हवा हवी आणि डिकी रिकामी हवी. काचेचा गोंद वाळायला सांगितलेला वेळ जाईपर्यंत गाडी हलवू देऊ नका. विमा झिरो डेप (घसारा न कापणारा) असेल तर कॅलिब्रेशनचा खर्च क्लेममध्ये धरतात का आणि नो क्लेम बोनसवर परिणाम होतो का, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या. बिलावर काचेचा पार्ट नंबर आणि कॅलिब्रेशनची वेगळी ओळ हवी, सोबत स्कॅनरचा रिपोर्ट हवा, ज्यात एकही फॉल्ट कोड उरलेला नसेल. चाकांचं अलाइनमेंट करायचं असेल तर ते कॅलिब्रेशनच्या आधी उरकून घ्या, नंतर नाही.