वाचकांचे प्रश्न : क्रूझचे सदस्यत्व, सवलती आणि जहाजावरचे क्रेडिट

क्रूझ कंपन्यांच्या सदस्यत्व योजना आणि ऑनबोर्ड क्रेडिटचे (जहाजावर खर्च करण्यासाठी प्रवाशाच्या खात्यात जमा होणाऱ्या रकमेचे) नियम यांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, म्हणून त्यांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही उभयता बरीच वर्षे क्रूझने प्रवास करतो. या वेळी बुकिंग करताना आम्हाला २०० डॉलरचे ऑनबोर्ड क्रेडिट मिळाले होते. त्यातील बराच भाग खर्च झाला नाही आणि उरलेली रक्कम परतही मिळाली नाही. मागे एकदा मात्र अशीच शिल्लक आमच्या कार्डावर जमा झाली होती. मधल्या काळात नियम बदलला का?

उत्तर : नियम बदललाच असेल असे नाही, दोन्ही वेळच्या क्रेडिटचा प्रकार निराळा असण्याची शक्यता अधिक आहे. जहाजावरील खात्यात जमा होणारी रक्कम परतावायोग्य असते किंवा बिनपरताव्याची असते, आणि त्यातील फरक ती रक्कम कोठून आली यावर ठरतो. हवामानामुळे एखादे बंदर वगळले गेले आणि त्या बंदराचे कर व शुल्क कंपनीने परत करायचे ठरवले, किंवा तुम्ही आगाऊ पैसे भरून घेतलेली किनाऱ्यावरची सहल कंपनीनेच रद्द केली, तर ती रक्कम मुळात तुमचीच असल्यामुळे सहसा परतावायोग्य म्हणून जमा होते आणि खर्च न झाल्यास नोंदवलेल्या कार्डावर परत जाते. तुमच्या मागील प्रवासात असेच काही घडले असावे. याउलट बुकिंग वाढवण्यासाठी कंपनीने देऊ केलेले, सदस्यत्वाच्या पातळीमुळे मिळालेले किंवा भागधारक म्हणून दिलेले क्रेडिट जवळजवळ नेहमीच बिनपरताव्याचे असते आणि प्रवास संपताच ते लयाला जाते. ट्रॅव्हल एजंटने भेट म्हणून दिलेली रक्कम दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारची असू शकते, म्हणून ती मिळाल्यावर आभार मानतानाच तिचा प्रकार लेखी विचारून घ्यावा.

अडचण अशी की अॅपवर किंवा केबिनमधील टीव्हीवर पुष्कळदा दोन्ही रकमांची एकच बेरीज दिसते. त्यामुळे जहाजावर चढल्यावर पहिल्या एकदोन दिवसांतच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन कोणती रक्कम किती आहे, खर्च होताना आधी कोणती वापरली जाते आणि ती कोणत्या वेळेपर्यंत वापरता येते, हे तीन प्रश्न विचारावेत. बिनपरताव्याची रक्कम आधी वापरली जाते असा सर्वसाधारण प्रघात आहे आणि तो प्रवाशाच्या सोयीचाच आहे, परंतु तो गृहीत धरू नये.

बिनपरताव्याचे क्रेडिट मार्गी लावण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दररोज खात्यावर लागणाऱ्या टिप्स. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये साध्या केबिनसाठी हा आकार माणशी दररोज १८.५० डॉलर केला. या दराने दोघांच्या सात रात्रींच्या टिप्स २५९ डॉलर होतात, म्हणजे तुमचे २०० डॉलर एकही वस्तू विकत न घेता संपले असते. मात्र तुम्ही टिप्स बुकिंगच्या वेळीच भरून टाकल्या असतील, तर ही वाट बंद होते. शिवाय काही प्रकारच्या क्रेडिटमधून टिप्स भागवता येत नाहीत, त्याचे एक उदाहरण पुढे भागधारकांच्या प्रश्नात आले आहे. कॅसिनोत बिनपरताव्याचे क्रेडिट सहसा चालत नाही, आणि ते चालवून रोख रक्कम हाती घेण्याच्या युक्त्या कंपन्यांनी एकेक करून बंद केल्या आहेत किंवा त्यांवर शुल्क बसवले आहे.

आणखी एक बारकावा आहे, ज्याकडे अनुभवी प्रवाशांचेही दुर्लक्ष होते. पेयांचे पॅकेज, इंटरनेट आणि विशेष उपाहारगृहातील जेवण प्रवासापूर्वी संकेतस्थळावर घेतल्यास अनेकदा जहाजावरील दरापेक्षा स्वस्त पडते. काही कंपन्या या आगाऊ खरेदीसाठी ऑनबोर्ड क्रेडिट वापरू देतात आणि काही देत नाहीत. ज्या देत नाहीत, तेथे क्रेडिट वापरण्यासाठी तुम्ही जहाजावरचा चढा दर भरता, म्हणजे १०० डॉलरच्या क्रेडिटची खरी किंमत त्याहून कमी भरते. अशा वेळी पॅकेज आधीच घ्यावे आणि क्रेडिट टिप्स, स्पा किंवा किनाऱ्यावरच्या सहली यांसाठी राखून ठेवावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जहाज बंदरात असताना त्यावरील दुकाने बंद असतात, हेही ध्यानात असू द्या. शेवटच्या संध्याकाळी दुकानांत जी झुंबड उडते, तिच्यात नको असलेल्या वस्तू घेऊन क्रेडिट संपवणाऱ्यांचा वाटा मोठा असावा असा माझा संशय आहे.

प्रश्न : कार्निव्हलच्या योजनेत मी रात्रींच्या हिशेबाने वरची पातळी गाठली. आता खर्चाच्या आधारावर दर्जा ठरणार असल्याचे कळले. इतकी वर्षे निष्ठेने प्रवास करणाऱ्यांवर हा अन्याय नाही का?

उत्तर : तुमची नाराजी समजण्यासारखी आहे, परंतु अन्याय हा शब्द वापरण्यापूर्वी या बदलामागचे कारण पाहू. कार्निव्हलच्या जुन्या योजनेत जहाजावरील प्रत्येक दिवसाला एक गुण मिळत असे. ७५ गुणांवर प्लॅटिनम आणि २०० गुणांवर डायमंड ही पातळी येई आणि एकदा मिळालेला दर्जा कायमचा असे. खिडकी नसलेल्या स्वस्त केबिनमधून हंगाम नसताना केलेला आठवडा आणि ऐन सुटीत ‘सूट’मधून, म्हणजे प्रशस्त आणि महागड्या केबिनमधून, केलेला आठवडा यांचे मोल त्या हिशेबात सारखेच होते. शिवाय कायमच्या दर्जाचे सदस्य दरवर्षी वाढतच जातात, आणि जहाजावर आधी चढण्याची रांग किंवा निरोपाच्या दिवशी आधी उतरण्याची सोय काही त्यांच्याबरोबर वाढत नाही. वरच्या पातळीचे प्रवासी इतके झाले की प्राधान्याची रांग साध्या रांगेपेक्षा लांब दिसू लागली, ही तक्रार खुद्द जुन्या सदस्यांचीच होती.

जून २०२५मध्ये कार्निव्हलने जाहीर केलेल्या नव्या योजनेत दर्जा प्रवाशाने केलेल्या खर्चावर आणि दोन वर्षांच्या ठरावीक काळात मिळवलेल्या ताऱ्यांवर (दर्जासाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांवर) ठरतो. कंपनीच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरील खर्चही त्यात धरला जातो. जुन्या वरच्या सदस्यांचा दर्जा एका रात्रीत काढून घेतला जाणार नाही, अशी संक्रमणाची तरतूद कंपनीने केली आहे. विमान कंपन्या या वाटेने पूर्वीच गेल्या आहेत. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६मध्ये अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीवर माइल्स (त्यांच्या सदस्यत्व योजनेतील गुण) द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हाही वर्षानुवर्षे स्वस्त तिकिटावर दूरचा प्रवास करणारे प्रवासी असेच दुखावले गेले होते.

मात्र रात्री की रुपये-डॉलर, एवढाच पर्याय उपलब्ध नसतो. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत एका रात्रीला एक गुण असतो आणि सूटमधील प्रवाशाला दुप्पट मिळतात. सेलिब्रिटी क्रूझेस या कंपनीच्या कॅप्टन्स क्लबमध्ये केबिनच्या श्रेणीप्रमाणे गुण बदलतात. हॉलंड अमेरिकाच्या मरिनर सोसायटीत प्रवासाच्या दिवसांबरोबर जहाजावर केलेल्या प्रत्येक ३०० डॉलरच्या खर्चामागे एक अधिक दिवस जमेस धरला जातो. या मधल्या वाटा मला अधिक न्याय्य वाटतात, कारण त्यांत खर्च करणाऱ्याला मान मिळतो आणि पुन्हापुन्हा येणाऱ्याचीही उपेक्षा होत नाही. कार्निव्हलने आयुष्यभराचा दर्जा नव्या सदस्यांसाठी बंद करून जुन्यांसाठी सरसकट राखला असता, तर हा रोष पुष्कळ कमी झाला असता असे माझे मत आहे.

तुमच्यापुरता व्यवहार्य प्रश्न एवढाच आहे की, पुढील दोन वर्षांत तुम्ही या कंपनीबरोबर जितका खर्च सहज करणार आहात, त्यातून कोणती पातळी पदरात पडते. तो आकडा कमी भरत असेल, तर दर्जा टिकवण्यासाठी जादा प्रवास आखू नका. मोफत लाँड्री आणि आधी चढण्याचा मान यांसाठी एखादा सबंध प्रवास विकत घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

प्रश्न : माझ्या पतीची पातळी माझ्यापेक्षा वरची आहे. त्यांच्या सवलती मला मिळू शकतात का?

उत्तर : याचे उत्तर कंपनीगणिक बदलते. रॉयल कॅरिबियनमध्ये एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पतीपत्नींना दोघांपैकी वरची पातळी लागू करून घेता येते, मात्र ती आपोआप होत नाही. दोन्ही खाती एकमेकांशी जोडून द्यावी लागतात. तेथे डायमंड पातळीवर प्रत्येकाला दररोज चार पेयांची व्हाउचर्स मिळतात, त्यामुळे ही जोडणी राहून गेली असेल तर सात रात्रींत अठ्ठावीस पेयांचे नुकसान होते. कार्निव्हलच्या जुन्या योजनेत मात्र प्रत्येकाचे गुण ज्याचे त्याचे असत. जोडणी प्रवासाच्या पुरेशी आधी करावी, कारण जहाजावर चढल्यावर तेथील कर्मचाऱ्यांना तुमच्या नोंदीत फारसा फेरफार करता येत नाही.

प्रश्न : क्रूझ कंपनीचे १०० शेअर घेतले की प्रत्येक प्रवासात क्रेडिट मिळते असे एका सहप्रवाशाने सांगितले. त्यासाठी शेअर घ्यावेत का?

उत्तर : सहप्रवाशाची माहिती खरी आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशन, रॉयल कॅरिबियन ग्रुप आणि नॉर्वेजियन क्रूझ लाइन होल्डिंग्ज या तिन्ही समूहांनी किमान १०० शेअर असणाऱ्यांसाठी अशी सवलत ठेवली आहे. कार्निव्हलमध्ये सहा दिवसांपर्यंतच्या प्रवासाला ५० डॉलर, सात ते तेरा दिवसांच्या प्रवासाला १०० डॉलर आणि चौदा दिवसांपासून पुढे २५० डॉलर, असे तिचे प्रमाण राहिलेले आहे. ही रक्कम एका केबिनमागे एकदाच मिळते. तिचे रोखीत रूपांतर होत नाही, आणि कार्निव्हलच्या अटींनुसार ती कॅसिनोसाठी किंवा खात्यावर लागणाऱ्या टिप्ससाठी वापरता येत नाही. अर्ज प्रवासापूर्वी काही आठवडे, शेअर नावावर असल्याचा पुरावा जोडून करावा लागतो. शिवाय ही सवलत ठरावीक तारखेपर्यंत जाहीर होते आणि मग तिची मुदत वाढवली जाते. ती वाढवलीच पाहिजे असे बंधन कंपनीवर नाही.

केवळ क्रेडिटसाठी शेअर घेऊ नयेत. कार्निव्हलचा शेअर २०२०च्या जानेवारीत ५० डॉलरच्या आसपास होता आणि महासाथीत जहाजे थांबल्यावर एप्रिलमध्ये १० डॉलरच्या खाली आला. त्याच काळात लाभांशही थांबवला गेला. त्या तीन महिन्यांत १०० शेअरवर जे नुकसान झाले, ते भरून काढण्यासाठी आठवडाभराचे चाळीस प्रवास करावे लागले असते. ज्यांच्याकडे हे शेअर अन्य कारणाने आधीच आहेत, त्यांनी मात्र अर्ज जरूर करावा, कारण कंपनी तुम्हाला त्याची आठवण करून देत नाही.

प्रश्न : अंतिम रक्कम भरण्यापूर्वी आमच्या प्रवासाचे भाडे उतरले आहे. नव्या भाड्याने बुकिंग करून घ्यावे, तर आधी मिळालेले क्रेडिट जाईल असे एजंट म्हणतो. तो बरोबर सांगतो का?

उत्तर : बहुधा बरोबर सांगतो. क्रेडिट प्रवासाला नव्हे, तर ज्या योजनेखाली तुम्ही बुकिंग केले त्या योजनेला जोडलेले असते, आणि भाडे बदलले की बुकिंग नव्या योजनेत जाते. म्हणून उतरलेले भाडे आणि जाणारे क्रेडिट यांची तुलना करताना क्रेडिट पूर्ण किमतीला धरू नका. भाडे १५० डॉलरने उतरले असेल आणि त्यासाठी २०० डॉलरचे बिनपरताव्याचे क्रेडिट सोडावे लागत असेल, तर तुम्ही त्या क्रेडिटमधून टिप्स भागवणार होता की नुसतीच काहीतरी खरेदी करणार होता, यावर निर्णय अवलंबून आहे. पहिल्या बाबतीत जुने बुकिंग ठेवा; दुसऱ्या बाबतीत रोख बचत घ्या. डिपॉझिट बिनपरताव्याचे असेल तर बुकिंग बदलण्याचे शुल्क लागते का, हे आधी पाहा. सदस्य किंवा भागधारक म्हणून मिळालेले क्रेडिट सहसा योजनेशी बांधलेले नसते, तरी नवे बुकिंग झाल्यावर ते नव्या बुकिंग क्रमांकावर पुन्हा नोंदवून घ्यावे लागू शकते. नवे पावतीपत्रक हाती आल्यावर त्यातील प्रत्येक रक्कम जुन्या पत्रकाशी ताडून पाहा आणि एखादी गळली असेल तर अंतिम हप्ता भरण्यापूर्वीच एजंटला कळवा, कारण त्यानंतर दुरुस्तीसाठी कंपनीकडे धरण्याजोगे तुमच्या हाती फारसे काही उरत नाही.