रत्नागिरीला बदली झाली, आता बेकिंग आणि भटकंती गुंडाळून ठेवावी का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतला: पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली, घरी केक-पाव करणं आणि सुट्टीत फिरणं या दोनच आवडी, आणि आल्या आल्या गाठ पडली पावसाशी. हवं ते सामान बाजारात मिळत नाही, बिस्किटं एका दिवसात सादळतात, बाहेर पडावं तर धो धो. हे सगळं सोडून द्यावं का, आणि नाही तर ओव्हन कुठला घ्यावा?

सोडू नका. मी माहेरची चिपळूणची, लग्न होऊन रत्नागिरीत आले त्याला २२ वर्षं झाली. शाळेच्या ऑफिसात नोकरी, शनिवारी अर्धा दिवस. माझं बेकिंग आणि माझं फिरणं दोन्ही त्या अर्ध्या दिवसात बसतं. तुमची अडचण मला पावसाची कमी आणि बेताची जास्त वाटते. तुम्ही आधी पदार्थ ठरवता आणि मग त्याचं सामान शोधत हिंडता. इथे उलटं चालावं लागतं. बाजारात किंवा कुणाच्या परसात काय आलंय ते आधी बघायचं, मग ते भट्टीत कसं घालता येईल ते, आणि कुठे जायचं हे बऱ्याचदा त्यातूनच निघतं. माझ्या निम्म्या सहली नाचणी नाहीतर ओले काजू आणायच्या निमित्ताने झाल्या आहेत.

तुम्ही भर पावसात आला आहात, म्हणून तिथूनच सुरू करते.

माझ्या इथल्या पहिल्या पावसाळ्यात नवा ओटीजी, म्हणजे विजेच्या कॉइलचा छोटा ओव्हन, आणला होता. स्पंज केक आत ठेवून २० मिनिटं झालेली, घरभर वास सुटलेला, आणि लाइट गेली. आली ती दोन तासांनी. केक मधोमध असा बसला होता की त्यात आमटी वाढता आली असती. सासूबाई (त्यांचं माहेर राजापूरकडचं) शांतपणे म्हणाल्या, "आमच्या धोंडसाला कधी लाइट लागली नाही हो."

धोंडस म्हणजे तवशाचा, मोठ्या गावठी काकडीचा, केक, असं मी तुम्हाला सांगेन. त्यांच्यासमोर नसतं सांगितलं. पूर्वी टोपात मिश्रण ओतून तो मंद निखाऱ्यांवर ठेवायचा आणि वरच्या झाकणीवरही करवंट्यांचे निखारे रचायचे. खालून-वरून सारखी धग. ओटीजीच्या कॉइल तरी वेगळं काय करतात? हे कळल्यावर बेकिंग हे आपण शहरातून आणलेलं खूळ आहे हा माझा समज गेला.

जून झालेलं, पिवळं पडलेलं तवसं गणपतीच्या आगेमागे बाजारात दिसतं. चिरल्यावर टोकाचा तुकडा आधी चाखा, कडू निघालं तर सगळा गूळ-खोबऱ्याचा खर्च पाण्यात. साल आणि बिया काढून किसा. कीस पिळू नका, रवा त्याच पाण्यात शिजतो. दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजायचा, त्यात तीन वाट्या कीस, दीड वाटी गूळ, वाटीभर ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची किंवा किसलेलं आलं, हाताला येतील तेवढे काजू. गॅसवर ढवळत राहायचं. आधी पातळ दिसेल, घाबरू नका, रवा फुगला की दाटतं. मग तूप लावलेल्या भांड्यात तळाला हळदीचं पान घालून वर हे थापायचं आणि १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, गरम कापलं तर लगदा होतो. बरोबर लोणी.

यात अंडं नाही, मैदा नाही, बेकिंग पावडर नाही. मधेच लाइट गेली तर भांडं उचलायचं आणि जाड तव्यावर, झाकण घालून, मंद गॅसवर ठेवायचं. मुळात फुगलेलंच नसतं, तर बसणार काय?

पावसाळ्यात पाव मात्र जरूर करा. दमट उबेत यीस्टची चैन असते, पीठ तासाभरात दुप्पट होतं. नाशिकला राहणाऱ्या माझ्या बहिणीला डिसेंबरात यालाच दुप्पट वेळ लागतो. एकच सांभाळा: पिठाने हवेतलं पाणी आधीच ओढलेलं असतं, म्हणून मापातलं दोन-तीन चमचे पाणी मागे ठेवा, लागलं तरच घाला. मैदा आणि रवा फ्रिजमध्ये, नाहीतर पोरकिडे होतात. बिस्किटांच्या वाटेला या दिवसांत जाऊ नका. केलीच आणि सादळली, तर १५० अंशांवर सात-आठ मिनिटं पुन्हा ठेवा, गार झाली की कुरकुरीत होतात.

आता फिरणं. पावसात समुद्रात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, समुद्रावर जन्म गेलेली माणसं या दिवसांत किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसतात, तर आपण कोण? पण गाडीत बसायला कोण अडवतंय! रत्नागिरी स्टेशनवरून मुंबईच्या बाजूला जाणारी पॅसेंजर पकडायची. भोके गेलं की करबुडे बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. बरीच वर्षं हा देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. डब्यात अंधार, खिडकीतून गार ओली हवा, कुणाचं तरी पोर हमखास किंचाळतं. बाहेर पडलात की उक्षी, आणि तिथेच रानपाटचा धबधबा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात. चाकरमानी त्यावर कुरकुरतात, मला मात्र तेच आवडतं. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, आणि डब्यात सकाळी केलेले लादीपाव आणि बटाट्याची सुकी भाजी. फलाटावर बसून, पावसाकडे बघत खाल्लेल्या त्या पावाची चव घरी येत नाही.

पाऊस ओसरला की सप्टेंबरात सडे बघा. सडा म्हणजे इथलं जांभ्या दगडाचं पठार. एरवी काळं, उघडंबोडकं, पण या दिवसांत त्यावर जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा पसरतो. त्यातली सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण ती मुळात किडेखाऊ. सड्यावरच्या पातळ मातीत कस नसतो, म्हणून मातीखालच्या बारक्या पिशव्यांमध्ये जीव पकडून भागवतात. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. पावस, पूर्णगड ओलांडून कशेळीला जा, तिथे दगडात कोरलेला हत्ती आहे, लांबी १५ मीटरच्या वर, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये ही कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीलाच कनकादित्याचं जुनं देऊळ आहे, तिथल्या सावलीत धोंडसाचा डबा उघडायचा. फोटोत ठसठशीत यावं म्हणून कोरीव रेघांवर खडू फिरवणारे महाभाग तुम्हाला भेटतील. त्यांच्यात सामील होऊ नका, बास.

दिवाळीच्या सुमाराला नवी नाचणी येते. नुसत्या नाचणीची बिस्किटं हातात घेताच ढासळतात, कारण तिला चिकटपणा नाही. निम्मी कणीक घाला आणि नाचणीचं पीठ आधी कोरडं भाजून घ्या. नानकटाईबद्दल सांगायचं तर, आम्ही लहानपणी ती घरी भाजतच नसू. आई तूप-साखर फेसून पीठ मळायची, आणि आम्ही भावंडं पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत. तिथले चाचा भट्टी मोकळी झाली की आमचे ट्रे आत सारायचे, तोवर आम्ही फळीवर बसून दुसऱ्यांच्या नानकटाया मोजायचो. किलोमागे भाजणावळ द्यायची. तुमच्या जवळच्या जुन्या बेकरीत जाऊन विचारून बघा, अजूनही कुणी नाही म्हणत नाही, फक्त पावाच्या वेळेला जाऊ नका.

थंडीत मी नाताळचा केक करते, पण बेदाणे-चेरीऐवजी फणसपोळी आणि आंबापोळीचे बारीक तुकडे, कोकमाच्या गोड सरबतात रात्रभर भिजवून. पहिल्या वर्षी सगळे तुकडे तळाशी जाऊन टॉफीसारखे चिकटले, भांडं दोन दिवस भिजत ठेवावं लागलं. तेव्हापासून ते निथळून मैद्यात घोळवते. हा केक प्रवासाला चांगला, आठ दिवस टिकतो. तो घेऊन गणपतीपुळे मागे टाकायचं (शनिवार-रविवारी तिथे थांबूच नका), केशवसुतांच्या मालगुंडवरून जयगड गाठायचं आणि गाडीसकट जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, चढायचं. पलीकडे तवसाळ. खाडी ओलांडायला चहा संपायच्या आत होते, पण पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर अशी सगळी किनारपट्टी उघडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला एकदा जरूर जा, मात्र ते पार मंडणगड तालुक्यात, तेव्हा मुक्काम धरूनच. गावात घरोघरी राहायची सोय होते.

मे महिन्यात माझा ओव्हन झाकलेला असतो. उकाडा आहेच, पण खरं कारण हापूस. आंबा आहे तसा खावा. त्याचा केक करणं मला शुद्ध अपमान वाटतो, आणि यावरून दरवर्षी माझं आणि मुलीचं वाजतं. ती रवा आणि आमरस घालून करतेच, आणि पाहुणे दोनदा मागून घेतात, हेही सांगून टाकते. बरका फणस हाती लागला तर सांदणं करा, ती इडलीसारखी उकडायची असतात.

राहता राहिला ओव्हन. मायक्रोवेव्हच्या नादी लागू नका, साधा ओटीजी घ्या, २५ ते ३० लिटरचा पुरे. घ्यायची घाईही नको. हा पावसाळा जाड बुडाच्या पातेल्यात तळाला वाळू किंवा मीठ पसरून, वर जाळी ठेवून काढा, त्यात केक उत्तम होतो. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग काढून. आणि लाइट गेली म्हणून ओटीजी घरच्या इन्व्हर्टरवर लावायचा विचार मनात येईल, तो दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो. मी लावून पाहिला आहे. त्या रात्री केक कच्चा, पंखे बंद, आणि सासूबाई अंधारात काही न बोलता बसलेल्या.