नवं कार्ड घेतलं, गेम मात्र तसेच दिसतायत

प्रश्न : दादा, पैसे साठवून रे ट्रेसिंगवालं ग्राफिक्स कार्ड घेतलं. खोक्यावर मेश शेडर वगैरे काय काय लिहिलंय, पण मी खेळतो त्यातल्या निम्म्या गेममध्ये यातलं काहीच नाही, आणि जिथे आहे तिथे ऑन केलं की डबक्यात प्रतिबिंब दिसतं आणि फ्रेम धाडकन पडतात, गेम अडखळतो. ही कार्डं २०१८ पासून आहेत ना, मग गेमवाले एवढे ढिम्म का?

उत्तर : ढिम्म नाहीत रे, त्यांचं गिऱ्हाईक तू एकटा नाहीयेस एवढंच. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत डायरेक्टएक्स १० (गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला मायक्रोसॉफ्टचा दुवा) आलं तेव्हा पण हेच झालं होतं. ते आधीच्या विंडोज एक्सपीवर चालायचं नाही आणि लोक एक्सपी सोडायला तयार नव्हते, त्यात एक्सबॉक्स ३६० या कन्सोलची धाव साधारण डायरेक्टएक्स ९ एवढीच, मग स्टुडिओंनी बरीच वर्षं ९ वरच भागवलं. क्रायसिस या गेममध्ये तर ‘व्हेरी हाय’ सेटिंग एक्सपीवर बंद ठेवलेली, लोकांनी कॉन्फिग फाइल उघडून आकडे बदलले आणि बरंचसं तसंच दिसायला लागलं. त्यासाठी व्हिस्टा घेतलेल्यांना काय वाटलं असेल!

आता तुझं डबकं. एक खोली धर, खिडकीतून ऊन आलंय आणि शेजारी लाल भिंत आहे. ती लाली छतावर किती पसरणार याचा हिशोब जुन्या पद्धतीत स्टुडिओतच करून ठेवतात, त्याला बेक करणं म्हणतात, आणि जिथे ते जमत नाही तिथे आर्टिस्ट कोपऱ्यात खोटे दिवे लपवतो. रे ट्रेसिंगमध्ये प्रकाशकिरणांचा माग काढत हाच हिशोब तुझं कार्ड खेळता खेळता करतं. पण जुन्या कार्डवाल्यांनाही गेम विकायचा म्हटल्यावर बेक केलेली खोली लागतेच, म्हणजे काम वाचायच्या ऐवजी वाढलं, मग रे ट्रेसिंग वरून कोथिंबिरीसारखं भुरभुरवतात, आणि ते डबक्यात जाऊन पडतं.

मेट्रो एक्सोडसच्या २०२१ च्या एन्हान्स्ड एडिशनने जुनी लायटिंग काढूनच टाकली, तिथे खोल्या बघ, फरक कळेल. पण ती रे ट्रेसिंग कार्डाशिवाय चालतच नाही. २०२४ च्या इंडियाना जोन्सचं आणि २०२५ च्या डूमचं पण तसंच. प्लेस्टेशन ५ आणि नवे एक्सबॉक्स २०२० मध्ये आले, तरी त्यानंतर दोनेक वर्षं मोठे गेम प्लेस्टेशन ४ वर पण येतच होते, त्यामुळे एवढा वेळ गेला.

मेश शेडर म्हणजे वस्तूंचे आकार ज्या त्रिकोणांनी बनतात ते कार्डावरच हाताळायची नवी पद्धत. त्याचं बटण सेटिंगमध्ये शोधत बसू नकोस, ते गेमच्या इंजिनच्या आत असतं. ॲलन वेक २ हा गेम त्याच्या भरवशावर २०२३ मध्ये आला तेव्हा जुन्या जीटीएक्स १० सिरीजची कार्डंवाले रखडले, पुढच्या वर्षी पॅच देऊन त्यांची थोडी सोय करावी लागली.

तू सध्या रिफ्लेक्शन बंद कर, ग्लोबल इल्युमिनेशन (ती भिंतीची लाली छतावर पसरते ना, तेच) असेल तर चालू ठेव, आणि अपस्केलिंग (चित्र कमी रिझोल्यूशनला काढून मोठं करणं) क्वालिटी मोडवर लाव.