सदर लिहायचंय, पण पोटापाण्याचं काय?

पत्र वेंगुर्ल्याहून आलं आहे. मुलगी टीवायबीएला, विषय मराठी. लेखक जयवंत दळवी आणि चित्रकार वसंत सरवटे यांच्या मैत्रीवर तिने दळवींच्या जन्मशताब्दीनिमित्त लेख लिहिला. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीने तो कारण न देता परत केला. तरीही ‘मी सदरलेखकच होणार, नोकरी करणार नाही,’ असं ती म्हणते. वडिलांनी तो लेख सोबत जोडला आहे आणि विचारलं आहे, ‘हिला थांबवू की साथ देऊ?’

सप्रेम नमस्कार.

साथ द्या. लेख मी पूर्ण वाचला. मुलीला भाषा आहे आणि विषय निवडण्याची नजर तर नक्कीच आहे. लेखकाची आठवण त्याच्या मित्राच्या बाजूने सांगायला घेणं हे मोठ्या समजुतीचं काम आहे. लेख कुठे अडला ते मात्र स्पष्ट सांगतो, कारण तिच्या करिअरचं उत्तरही तिथेच आहे.

लेख १,९०० शब्दांचा आहे. पुरवणीत अशा मजकुराला साधारण ७०० ते ८०० शब्दांची जागा असते. एवढा लांब लेख कापत बसायला उपसंपादकाकडे वेळ नसतो, तो सरळ बाजूला ठेवतो. पहिले चारशे शब्द दळवींचा जन्म, आरवली गाव, शिक्षण, पुस्तकांची यादी यातच गेले आहेत, हे सगळं कोशात मिळतं. सरवटे येतात सातव्या परिच्छेदात. त्यांना पहिल्या पाच ओळींत आणायला हवं. दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यिकांची फिरकी घेणारं सदर लिहीत आणि त्या ठणठणपाळाला चेहरा दिला सरवट्यांनी, लेख इथूनच उघडतो.

दुसरी अडचण विशेषणांची. ‘दिलदार’, ‘अजातशत्रू’, ‘निर्मळ मैत्री’ हे शब्द कुणाच्याही मृत्युलेखात चालतात, म्हणून वाचक त्यांच्यावरून पुढे जातो. त्याला कामाचा तपशील हवा असतो. मजकूर चित्रकाराच्या हाती कधी पडायचा? चित्र मजकुराच्या मागे चालायचं की कधी त्याच्या पुढे जायचं? ज्या साहित्यिकाची फिरकी घेतली, त्याला चित्रातही ओळखता येतं का? याची उत्तरं आठवणींत सापडतील, पण आठवणींवर विसंबून चालत नाही. मित्र प्रेमाने लिहितो, वर्षं सरमिसळ होतात, एका अंकातला किस्सा दुसऱ्या अंकाला चिकटतो. म्हणून प्रत्येक प्रसंगासमोर अंकाचा महिना आणि वर्ष लिहायचं, आणि तो अंक स्वतः पाहिल्याशिवाय प्रसंग लेखात घ्यायचा नाही. ‘ललित’ १९६४ मध्ये सुरू झालं. जुन्या फाइली आधी वेंगुर्ल्याच्या नगर वाचनालयात विचारा, नाहीतर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दोन दिवस बसायची तयारी ठेवा.

ठणठणपाळाचा जवळजवळ चारशे शब्दांचा सलग उतारा लेखात आहे, तो काढायलाच हवा. दळवी १६ सप्टेंबर १९९४ रोजी गेले. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे इथे २०५४ अखेरपर्यंत. समीक्षेच्या ओघात दोन-चार वाक्यं उद्धृत करायला हरकत नाही. पानभर मजकूर वारसांना विचारल्याशिवाय छापायला संपादक धजणार नाही.

आता नोकरीचं. ज्या दोघांवर तिने लिहिलं, त्यांच्याकडेच तिने नीट पाहावं. दळवींनी ‘प्रभात’ आणि ‘लोकमान्य’ या दैनिकांत काम केलं आणि पुढे मुंबईतल्या ‘युसिस’ या अमेरिकन माहिती कार्यालयात नोकरी केली. सरवटे एसीसी सिमेंट कंपनीत अभियंता होते. अगदी अलीकडचं नाव घ्यायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये गेलेले द्वारकानाथ संझगिरी. क्रिकेटवर मराठीत इतकं लिहिणारा हा माणूस मुंबई महापालिकेत इंजिनिअर होता. सदराचं मानधन थोडं असतं आणि महिनोन्‌महिने उशिरा येतं. त्यावर घरभाडं भागवण्याचा हिशेब कृपा करून मांडू नका.

माझ्या मते तिने आधी उपसंपादकाची खुर्ची गाठावी. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करता येईल. डेस्कवर रोज दुसऱ्याचा मजकूर कापावा लागतो आणि मग स्वतःचा कापताना हात थरथरत नाही. डेस्क नको असेल तर एम.ए. आणि सेट-नेट करून प्राध्यापकी, किंवा अनुवाद. कुठलाही मार्ग घेतला तरी एक विषय पाच वर्षं धरून ठेवायला हवा. तिच्या बाबतीत तो मराठी नियतकालिकांचा इतिहास असू शकतो. त्यावर सातत्याने लिहिणारे तरुण फार कमी आहेत, हे मी मनापासून सांगतो.

सदर मागायला जाताना एकच लेख घेऊन कुणी जाऊ नये. पूर्ण लिहिलेले सहा लेख आणि पुढच्या दहा विषयांची प्रत्येकी दोन ओळींची टिपणं लागतात. बहुतेक सदरं पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोरडी पडतात, संपादकाला नेमकी तीच धास्ती असते. मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये पाठवावा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्या संगणकावर नुसती चौकोन दाखवते आणि न वाचताच मागे पडते.

शताब्दीचं निमित्त हुकलं, पण १६ सप्टेंबरचा स्मृतिदिन दरवर्षी येतो. लेख ७५० शब्दांत नव्याने लिहून २० ऑगस्टच्या आसपास पुरवणी संपादकांना पाठवायला सांगा. ईमेलच्या विषयात लेखाचं नाव, शब्दसंख्या आणि ‘१६ सप्टेंबर’ ही तारीख असावी. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन करावा, आणि तोवर तोच लेख दुसरीकडे पाठवू नये.